शेताचा बांध आणि ख्रिस्ती कुटुंब

शास्त्रपाठ : अनुवाद १९:१४, २७:१७, नीतिसूत्रे २२:२८, २३:१०, ११, लेवीय १९:९, १०, लूक १२:१३–२१.

घरच्या प्रार्थनेत वाचावयाचे भाग :
सोमवार – उत्पत्ति १३:१–१८. मंगळवार – अनुवाद २७:११–२६. बुधवार – १ राजे २१:१–२०. गुरुवार – गणना २७:१–११. शुक्रवार – लेवीय १९:९–१८. शनिवार – लूक १९:१–१०. रविवार – लूक १२:१३–२१.

प्रस्तावना

आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत बहुतेकांचा चरितार्थ दोन-चार एकरांच्या शेतीवर चालतो. घरची माणसे, बैलजोडी किंवा भाड्याचा ट्रॅक्टर, एखादी म्हैस, चार शेळ्या व देवाने दिलेला पाऊस एवढेच त्या शेतीचे भांडवल. अशा घरात भांडण कोणत्या वाटेने शिरते, ह्याचा विचार केला असता आम्हांस असे दिसून येते की, दारू, कर्ज व मानपान ह्यांच्या जोडीला एक फार जुनी वाट आहे, आणि ती म्हणजे शेताचा बांध. त्यास देशावर बांध म्हणतात, वऱ्हाडात धुरा म्हणतात, कोकणात मेर म्हणतात. नाव कोणतेही असो, त्यावरून होणारा कलह सगळीकडे सारखाच आहे. सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, जावा एका विहिरीवर पाणी भरीत नाहीत, मुले एका बाकावर बसत नाहीत. आणि कारण विचारावे तर पाच-सात पिढ्यांपूर्वीच्या कोणा बाभळीचे खोड पुढे केले जाते.

कोणी म्हणेल, धर्मपत्रात बांधाचा पाठ कशासाठी? त्यास आमचे उत्तर असे की, पवित्र शास्त्राने हा विषय क्षुल्लक मानलेला नाही. नियमशास्त्रात तो आहे, ज्ञानाच्या ग्रंथांत तो आहे, संदेष्ट्यांच्या मुखातही तो आहे. उपासनामंदिरात आपण काय गातो हे आपल्या शेजाऱ्यास ठाऊक नसते. परंतु नांगर धरून आपण बांधाजवळ आलो म्हणजे काय करितो, हे तो रोज पाहतो. आपल्या विश्वासाची परीक्षा शेजारी तेथेच घेतो, आणि ती परीक्षा अन्यायाची आहे असे आम्हांस म्हणता येत नाही.

१. बांध कशासाठी आहे?

बांध म्हणजे केवळ दोन मालकांमधील रेघ आहे असे समजणे ही चूक होय. बांधाची कामे अनेक आहेत. पहिले काम पाण्याचे. उतारावरून धावणारे पावसाचे पाणी बांधापाशी अडते, थबकते व जमिनीत मुरते; जास्त झालेले पाणी सांडव्यावाटे शांतपणे खाली उतरते. दुसरे काम मातीचे. वाहत्या पाण्याबरोबर निघालेली चांगली माती बांधाच्या आत बसते. जी माती बनण्यास शेकडो वर्षे लागतात, ती एका वळवाच्या सरीत ओढ्याला जाऊ शकते. तिसरे काम चाऱ्याचे व सरपणाचे. बांधावर हरळी वाढते, बोर, बाभूळ व निंब उभे राहतात. दुपारी त्यांच्या सावलीस भाकरी सोडली जाते, आणि शेळीला पाला मिळतो. चौथे काम वाटेचे. पलीकडच्या शेतकऱ्यास बैल घेऊन जाण्यास, डोक्यावर पेंढी घेऊन येण्यास बांधाचीच पायवाट असते.

आता पाहा, ह्या चार कामांपैकी एकही काम एकट्या मालकाचे नाही. पाणी अडले तर दोघांच्या विहिरींस उपयोग, माती राहिली तर दोघांचे हित, वाट राहिली तर दोघांची सोय. म्हणून बांध हा दोघांमधील भिंत नसून दोघांची सामाईक ठेव आहे. जो तो कोरतो, तो शेजाऱ्याचे जितके घेतो, तितकेच स्वतःचेही घालवितो. बारीक झालेला बांध परतीच्या पहिल्या मोठ्या पावसात फुटतो. वरच्याची माती जाते, खालच्याच्या शेतात घळ पडते, आणि मग दोघेही तलाठ्याकडे पंचनाम्यासाठी हेलपाटे घालितात.

२. मोजून पाहावे

बांध कोरणारा मनुष्य सहसा चोरी करण्याच्या हेतूने घरून निघत नाही. तो म्हणतो, बांध वाकडा झाला आहे, एवढे एक तास सरळ घेऊ. दुसऱ्या वर्षी पुन्हा एक तास. अशा रीतीने पाच-सहा वर्षांत एक वीत नाहीशी होते. त्या विताची किंमत किती, हे आपण एकदा शांतपणे मोजू या.

एका गुंठ्याची जागा ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद, म्हणजे १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट. समजा, एक शेत २२० फूट लांब व १९८ फूट रुंद आहे. हे बरोबर एक एकर होते. त्याच्या २२० फूट लांबीच्या बांधातून एक वीत, म्हणजे नऊ इंच, जमीन घेतली. तर किती मिळाले? १६५ चौरस फूट. गुंठ्याचे सोळा आणे धरिले तर हे सुमारे अडीच आणे झाले. एकराचा हा दोनशे चौसष्टावा भाग होय. कोरडवाहू रानात एकरी चार क्विंटल ज्वारी झाली असे धरिले, तर ह्या चोरलेल्या तुकड्यातून येणारी ज्वारी दीड किलो.

दीड किलो ज्वारी! मोठ्या घरच्या एक-दोन वेळच्या भाकरी. ह्यासाठी भावाचे तोंड पाहणे सोडावे? ह्यासाठी तालुक्याच्या वकिलास दर तारखेस पैसे मोजावे? ह्यासाठी प्रभुभोजनाच्या मेजाजवळ येताना दोघांनी दोन बाजूंस बसावे? जो हिशेब बाजारात एक रुपया सोडीत नाही, तो हिशेब बांधावर आल्याबरोबर आंधळा होतो. ह्याचे कारण असे की, येथे भूक ज्वारीची नसते. मी हरलो नाही, हे दाखविण्याची असते. ह्या भुकेस शास्त्राने लोभ हेच नाव दिले आहे.

३. शास्त्र काय शिकविते?

इस्राएल लोक वचनदत्त देशात शिरण्यापूर्वीच देवाने त्यांस मेरेविषयी आज्ञा दिली (अनुवाद १९:१४). तिचा भावार्थ असा की, पूर्वजांनी ठरविलेली शेजाऱ्याची हद्द कोणी हलवू नये. ह्या आज्ञेचे कारण ध्यानात घ्यावे. तो देश चिठ्ठ्या टाकून वंशावंशांस, कुळाकुळांस वाटून देण्यात आला होता. आणि लेवीय २५:२३ प्रमाणे जमीन मुळात देवाची, मनुष्ये तिच्यावर उपरी व वस्तीस राहिलेली. तेव्हा जो हद्दीचा दगड सारितो, तो केवळ शेजाऱ्याशी नव्हे, तर वाटणी करणाऱ्या देवाशी भांडतो.

अनुवादाच्या सत्ताविसाव्या अध्यायात एबाल डोंगरावरील शापांची यादी आहे. तीत मेर सरकविणाराही आहे, आणि सर्व लोकांनी त्यावर आमेन म्हणावयाचे होते. त्या यादीकडे बारकाईने पाहिले तर तीतील बहुतेक पापे एकांतात, साक्षीदार नसताना घडणारी आहेत असे दिसते: गुप्तपणे मूर्ति उभारणे, आंधळ्यास वाटेवरून चुकविणे, शेजाऱ्यास गुप्तपणे मारणे. मेर सरकविणेही असेच. शेजारी बाजारास गेला असेल, बाळंतपणासाठी मुलीकडे गेला असेल, किंवा रात्री विजेची पाळी म्हणून पाणी देण्यास आपण एकटेच रानात असू, तेव्हाच हे काम होते. पंचांस ते पकडता येत नाही; म्हणून देवाने ते आपल्या न्यायासनापुढे घेतले.

नीतिसूत्रे २३:१०, ११ ह्यांत आणखी एक गोष्ट आहे. तेथे जुनी हद्द हलवू नये असे सांगून लगेच अनाथांच्या शेताचा उल्लेख येतो, आणि त्यांचा कैवारी समर्थ आहे असा इशारा दिला आहे. ईयोबाच्या पुस्तकात (२४:२, ३) हद्दी सारणारे लोक व विधवेचा बैल नेणारे लोक एकाच ओळीत येतात. होशेय संदेष्टा (५:१०) राजपुरुषांची निंदा करिताना त्यांस हद्दी हलविणाऱ्यांची उपमा देतो. ह्यावरून उघड होते की, बांध हा नेहमी दुबळ्याच्या बाजूने खचतो. धडधाकट, चार मुले असलेल्या, गावात वजन असलेल्या शेजाऱ्याचा बांध कोणी कोरीत नाही. विधवेचा कोरितात, मुंबई-पुण्यास मजुरीसाठी गेलेल्याचा कोरितात, पोरक्या पुतण्याचा कोरितात. नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजाने घेतला, तो राजा होता म्हणून. परंतु मनातला अहाब होण्यासाठी राजमुकुट लागत नाही, एक नांगर पुरतो.

येथे आपल्यापैकी पुष्कळांनी आपल्या घराण्याचा इतिहास आठवावा. आपल्या कित्येक पूर्वजांस स्वतःचे शेत म्हणावे असे काही नव्हते. गावाच्या सेवेबद्दल वतनाचा तुकडा, हाडकी-हाडोळा, एवढेच त्यांच्या वाट्यास होते, आणि तोही अनेक भाऊबंदांत सामाईक. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली व त्या जमिनी वतनदारांस कब्जेहक्काने पुन्हा देण्याची तरतूद झाली. इतक्या उशिरा, इतक्या कष्टाने ज्यांच्या हाती जमीन आली, त्यांच्या मुलानातवांनी तिचे बांध एकमेकांविरुद्ध कोरावे, ह्याहून शोचनीय गोष्ट कोणती? दुसऱ्याने आपणास शिवारात उभे राहू दिले नाही, हे ज्यास आठवते, त्याने आपल्या दुबळ्या भावास त्याच्याच शिवारातून ढकलू नये.

४. भावाभावांची वाटणी

पुष्कळ बांध शेजाऱ्यांत नसून भावाभावांत पडतात. बाप असतो तोपर्यंत शेत एक. बाप गेला की मध्ये नवा बांध पडतो. वाटणी हे पाप नव्हे. अब्राम व लोट ह्यांचे गुराखी भांडू लागले, तेव्हा अब्रामाने वेगळे होण्याचे स्वतःच सुचविले. परंतु कसे? वडील असूनही त्याने पहिली निवड पुतण्यास दिली (उत्पत्ति १३:८, ९). लोटाने पाण्याची बाजू घेतली. अब्रामाच्या वाट्यास डोंगराळ भाग आला. तरी त्यानंतर देवाने त्यासच चारी दिशांकडे दृष्टि टाकावयास सांगितले. इसहाकानेही असेच केले. गराराच्या खोऱ्यात त्याच्या चाकरांनी खणलेल्या दोन विहिरींवर तेथील गुराख्यांनी हक्क सांगितला; तो भांडत बसला नाही, पुढे गेला व तिसरी खणली, आणि तिचे नाव रहोबोथ म्हणजे विस्तीर्ण जागा असे ठेविले (उत्पत्ति २६:१९–२२).

वाटणी करिताना आमच्या खेड्यांत एक जुनी चांगली रीत आहे: एका भावाने वाटे पाडावे व दुसऱ्याने आधी निवडावे. वाटे पाडणाऱ्यास ठाऊक असते की, वाईट तुकडा आपल्याच गळ्यात येईल; म्हणून तो विहिरीचा हिस्सा, काळी व बरड जमीन, रस्त्याची बाजू, झाडे ह्यांचा विचार करून सारखे वाटे पाडितो. ही रीत अब्रामाच्या वागणुकीशी जुळते, आणि कोणत्याही मंडळीस ती पाळता येण्याजोगी आहे.

परंतु लूक १२ मधील मनुष्याची चूक आपण करू नये. तो प्रभूकडे आला तो वचन ऐकण्यासाठी नव्हे, तर आपल्या भावाविरुद्ध निवाडा मिळविण्यासाठी. प्रभूने ते न्यायाधीशपण नाकारिले व त्यास लोभापासून जपण्यास सांगितले. आणि लगेच ज्याच्या शेतात भरपूर पीक आले, ज्याने मोठी कोठारे बांधण्याचा बेत केला, व ज्याचा प्राण त्याच रात्री मागून घेतला गेला, त्या धनवानाचा दृष्टांत सांगितला. त्या दृष्टांतातील धनवान कोणाचा बांध कोरीत नव्हता, हे लक्षात ठेवावे. त्याचे पीक प्रामाणिक होते. तरीही त्याच्या बोलण्यात ‘माझे’ ह्या शब्दावाचून दुसरे काही उरले नव्हते. शेजारी नव्हता, भाऊ नव्हता, देवही नव्हता. म्हणजे लोभ बांधावर दिसू लागतो तो फार उशिरा. त्याआधी तो मनात रुजलेला असतो.

५. बहिणीचा वाटा

ह्या ठिकाणी ज्या विषयावर आपल्या मंडळ्यांत फार कमी बोलले जाते, तो विषय आम्ही मुद्दाम मांडितो. सलाफहादाच्या पाच मुलींस भाऊ नव्हता. त्या मोशेपुढे, याजकापुढे व सर्व सरदारांपुढे उभ्या राहिल्या व बापाच्या वतनात हिस्सा मागू लागल्या. मोशेने ते प्रकरण देवापुढे नेले, आणि देवाने त्या मुलींचे म्हणणे रास्त ठरविले (गणना २७:१–७). शास्त्राने त्यांची पाचही नावे लिहून ठेविली आहेत: महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा. ज्या काळी स्त्रियांची नावे क्वचितच नोंदली जात, त्या काळी हे घडले.

आपल्या देशात ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करिता मरण पावला, तर त्याच्या मालमत्तेची वाटणी १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे होते. विधवा व मुले मागे असल्यास विधवेस एक तृतीयांश, व उरलेले दोन तृतीयांश मुलांस सारखे. त्यात मुलगा व मुलगी असा भेद नाही. हा कायदा पुष्कळांस ठाऊकच नाही. आणि ज्यांस ठाऊक आहे, ते बहिणीस रक्षाबंधनासारख्या सणास किंवा माहेरपणास बोलावून, साडीचोळी करून, हक्कसोडपत्रावर सही घेतात. बहीण सही करिते, कारण तिला माहेर तुटण्याची भीति वाटते. आम्ही असे म्हणत नाही की, बहिणीने राजीखुशीने आपला हिस्सा भावास देऊ नये. प्रीतीने दिलेल्या दानास कोण अडवील? परंतु तिचा हक्क काय आहे हे तिला आधी न सांगता घेतलेली सही हे दान नव्हे. तोही सरकविलेला बांधच आहे. फक्त तो मातीत न सरकता कागदावर सरकतो.

६. बांधालगतचा सरवा

लेवीय १९:९, १० ह्यांत देवाने शेतकऱ्यास सांगितले की, कापणी करिताना शेताच्या कडा पूर्ण कापून घेऊ नये, पडलेला सरवा वेचू नये. ते गरिबास व परक्यास ठेवावे. ह्याच नियमाच्या आश्रयाने रूथ नावाची परदेशी विधवा बवाजाच्या शेतात आली, सासूचे पोट भरू शकली, आणि दावीद राजाच्या व पुढे प्रभु येशूच्या वंशावळीत तिचे नाव आले.

आता ह्या दोन आज्ञा शेजारी शेजारी ठेवून पाहा. देव म्हणतो, आपल्या शेताची कडा गरिबासाठी सोड. आणि आपण करितो काय, तर आपल्या कडेपलीकडे जाऊन शेजाऱ्याची कडा घेतो. देवाने ज्या बाजूस आपणास आत सरकण्यास सांगितले, तिकडेच आपण बाहेर सरकतो. ज्या घरात शेताच्या कडेचे चार ताटे भूमिहीन मजुराच्या पोरांसाठी ठेविले जातात, बांधावरचे गवत कापू दिले जाते, बोरे वेचणाऱ्या मुलांस शिव्या दिल्या जात नाहीत, त्या घरातील मनुष्य बांध कोरील हे संभवत नाही. हात सोडण्यास शिकला म्हणजे ओढण्यास विसरतो. म्हणून आईबापांनी लहान मुलांस सुगीच्या दिवसांत शेताच्या कडेस घेऊन जावे व हा धडा तेथेच शिकवावा. असा पाठ रविवारच्या शाळेतील पाठाहून अधिक काळ टिकतो.

७. भांडण झालेच असेल तर

एका खेड्यातील मंडळीत घडलेली गोष्ट सांगतो. थोरला भाऊ वारला. मागे विधवा व दोन लहान मुले. तिचे शेत धाकटा दीर वाट्याने करू लागला, व त्याचे स्वतःचे शेत त्याला लागूनच. चार-पाच हंगामांत मधला बांध तिच्या बाजूस सरकत गेला. बांधावरची बोर, जी पूर्वी मधोमध होती, ती दिराच्या पिकात उभी दिसू लागली. बाई बोलली नाही, कारण नांगर त्याच्या हाती होता. परंतु तिने उपासनेस येणे सोडिले. मंडळीचे वडील कारण विचारण्यास गेले, तेव्हा तिने एवढेच म्हटले, ‘बोर पाहून या.’ वडिलांनी कोणास दोष न देता दोन्ही शेतांची सरकारी मोजणी करून घेण्याचे सुचविले, व तिच्या खर्चाची तजवीज मंडळीच्या साहाय्यनिधीतून केली. मोजणीचे निशाण पडल्यावर दिराचे तोंड उतरले. त्याने त्या आठवड्यात स्वतः फावडे घेऊन बांध पूर्ववत घातला. दोन घरांतील बोलणे पूर्वीसारखे होण्यास मात्र आणखी दोन वर्षे लागली. माती एका आठवड्यात परत येते, विश्वास परत येण्यास वेळ लागतो. हेही आम्ही लपवू इच्छीत नाही.

ह्यावरून काही सूचना करितो.

पहिली. मत्तय १८:१५ मधील क्रम पाळावा. आधी एकटे जाऊन भावाशी बोलावे. तेही बांधावर उभे राहून नव्हे, कारण तेथे दोघांच्या हाती औजारे असतात. घरी, ओसरीवर, चहा घेत बोलावे.

दुसरी. तोंडी वादापेक्षा मोजणी बरी. सातबारा, आठ-अ व गावनकाशा ह्यांच्या प्रती घ्याव्या, व तालुक्याच्या भूमि अभिलेख कार्यालयात हद्द कायम करण्याच्या मोजणीसाठी अर्ज करावा. काहींस वाटते की, सरकारी मोजणी मागणे म्हणजे ख्रिस्ती भावावर फिर्याद करणे होय. तसे नाही. पौलाने करिंथकरांस जो दोष दिला (१ करिंथ ६:१–७) तो आपसांतील वाद मंडळीत न मिटविता न्यायासनापुढे ओढण्याबद्दल होता. खरे काय आहे हे जाणण्यासाठी साखळी वा यंत्र लाविणे हा सूड नव्हे. आपल्या भागातील जमिनीची शास्त्रीय मोजणी व आकारणी १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून सुरू झाली, व तेव्हापासून हद्दीच्या खुणा जपणे हे कायद्याचेही काम झाले आहे.

तिसरी. ताबा एकाचा व नाव दुसऱ्याचे असा घोळ कित्येक ठिकाणी जुना असतो. अशांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२३ साली सलोखा योजना काढिली. तीत किमान बारा वर्षे एकमेकांच्या जमिनीचा ताबा असलेल्या शेतकऱ्यांस परस्परांच्या संमतीने अदलाबदल करिताना मुद्रांक शुल्क एक हजार रुपये व नोंदणी शुल्क एक हजार रुपये एवढेच ठरविले गेले. अशा सोयीची चौकशी उपदेशक बंधूंनी तहसील कार्यालयात अवश्य करावी.

चौथी, आणि सर्वांत महत्त्वाची. ज्याच्याकडून बांध सरकला असेल, त्याने तो परत करावा, व काही अधिक द्यावे. गणना ५:६, ७ प्रमाणे अपराध कबूल करून मूळ वस्तु व तिचा पाचवा हिस्सा वर द्यावयाचा असे. नऊ इंच घेतले असतील तर नऊ इंच परत, व वर सुमारे अडीच बोटे आपल्या जमिनीतून! जक्कय तर चौपट देण्यास सिद्ध झाला, आणि तारण आपल्या घरी आले आहे असे प्रभूच्या मुखातून त्याने ऐकिले. कोणी विचारील, अडीच बोटे जमिनीने काय होणार? पिकात काही होणार नाही. परंतु त्या अडीच बोटांनी शेजाऱ्यास कळते की, हा मनुष्य पकडला गेला म्हणून नव्हे, पालटला म्हणून परत देत आहे.

उपसंहार

उपकारस्तुतीच्या उपासनेत आपण धान्याच्या राशी, भोपळे, कोंबड्या, उसाची मोळी घेऊन येतो. ते फार चांगले आहे. परंतु प्रभूने सांगितले की, वेदीजवळ अर्पण आणिल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी भावाशी समेट करावा (मत्तय ५:२३, २४). म्हणून यंदा धान्याचे पोते बांधण्यापूर्वी प्रत्येक घरधन्याने व घरधनिणीने एक फेरी आपल्या शेताच्या चारी बाजूंनी मारावी. चार बाजूंस चार शेजारी. त्यांपैकी कोणाकडे पाहून मान खाली जाते काय, हे पाहावे. जात असेल, तर फावडे आधी व पोते मागून.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या गावात बांधावरून सर्वांत जुना वाद कोणता? तो मुळात किती जमिनीचा आहे? हिशेब करून पाहा.

२. अब्रामाने निवड लोटास दिली. वाटणीत वडील भावाने मोठेपण कसे दाखवावे?

३. आपल्या मंडळीतील किती घरांत बहिणीस तिचा कायदेशीर हक्क समजावून सांगण्यात आला आहे?

४. ज्यांचे घरचे पुरुष कामासाठी परगावी आहेत, किंवा वारले आहेत, अशा कुटुंबांच्या शेताची देखरेख मंडळीने कशी करावी?

५. शेताच्या कडेचा सरवा आज कोणत्या रूपाने गरिबांस देता येईल?

उपदेशकांस सूचना : हा पाठ शक्य असल्यास मंदिरात न घेता एखाद्या शेतात, बांधाजवळ, पीक निघाल्यावर घ्यावा. कोणाचेही नाव काढू नये व कोणाच्याही चालू वादाचा उल्लेख करू नये. ३३ फुटांची दोरी बरोबर न्यावी, मुलांकडून एक गुंठा मोजवून घ्यावा व एका विताचा हिशेब त्यांच्याच तोंडून येऊ द्यावा. शेवटी सर्वांनी उभे राहून ज्या शेजाऱ्याशी बोलणे बंद आहे, त्याच्यासाठी मनातल्या मनात प्रार्थना करावी.

प्रार्थना : हे भूमीच्या धन्या, तू आम्हांस उपऱ्यांसारखे आपल्या शेतात ठेविले आहेस. आमच्या नांगरास मर्यादा दे, आमच्या मनास विस्तीर्ण जागा दे, आणि ज्याचे आम्ही घेतले असेल त्याच्या दारी जाण्यास आमच्या पायांस बळ दे. प्रभु येशूच्या नावाने मागतो. आमेन.